हुस्नाबीचं रिकामं मडकं

हुस्नाबीचं मडकं मी फोडलं ते कुठल्या रागलोभानं नव्हे, निव्वळ वजनानं फोडलं.

मे महिना होता. आमच्या घाटंजीकडच्या मे महिन्यात माणूस सावली दिसेल तिथं टेकतो, मग ती सावली कोणाची आहे हे विचारतो. मी हुस्नाबीकडे माझी पिंजायला टाकलेली गादी आणायला गेलो होतो. ती आतल्या खोलीत कुणाच्या तरी उशीत कापूस कोंबत होती. बाहेरच्या पडवीत पाण्याच्या रांजणाजवळ ओल्या वाळूचा एक ढीग होता आणि त्यावर भिजलेलं पोतं अंथरलेलं. आल्यागेल्याला बसायला केलेली ही थंडगार सोय पाहून मला भरून आलं. मी बसलो. खाली कडकन आवाज झाला आणि मी वाळूत चांगला वीतभर खचलो.

हुस्नाबी बाहेर आली. हातात दाभण, डोक्यावर, भुवयांवर, नाकावर कापूस. चार-पाच वर्षं मी त्या गावच्या शाळेत होतो, पण तिला कापसाविना पाहिल्याचं मला आठवत नाही.

"उठा," ती म्हणाली.

"मला काही लागलं नाही, आपा."

"तुमाले कोन पुसते? मडक्याले लागलं."

पोतं बाजूला केलं. वाळूत गळ्यापर्यंत पुरलेलं एक छोटं मडकं होतं, त्याची खापरं झाली होती. मी ओशाळून विचारलं, आत काय होतं, मी भरून देतो.

"काई नव्हतं."

"काहीच नाही?"

"रिकामं होतं."

मला हायसं वाटलं. पण हुस्नाबी मात्र खाली बसून एकेक खापर वेचायला लागली. रिकाम्या मडक्यासाठी इतकं कुणी खाली बसतं का, हे मला कळेना. तेवढ्यात तिची नात जेबा दारातून म्हणाली, "सर, थे माह्या सुईचं मडकं होतं."

जेबा माझ्याच वर्गात, सहावीत. आईबाप आदिलाबादकडे जिनिंगमध्ये कामाला, म्हणून ही आजीकडे. कापूस कुठं पिकतो, असं मी एकदा वर्गात विचारलं होतं, तर ही हात वर करून म्हणाली होती, "आमच्या पलंगाखाली." तिच्यापुरतं ते खरंच होतं.

तर सुईची हकीकत अशी. आदल्या दसऱ्याच्या सुमाराला हँडपंपावर जेबाला एक गांधीलमाशी चावली. गावात कुणालाही चावते, चुना लावतात, दोन शिव्या देतात, विषय संपतो. जेबाचे मात्र बघता बघता ओठ सुजले, डोळे मिटले, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. नशिबानं एक जीप दारातच उभी होती. घाटंजीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी एक इंजेक्शन दिलं आणि पोरीचा श्वास परत आला. मग ते म्हणाले, पुढच्या वेळी एवढाही वेळ मिळणार नाही. औषध घरात पाहिजे.

औषध तसं स्वस्त, काचेच्या कुपीतलं. पण ते मापून भरायला, टोचायला शिकलेला हात लागतो, आणि आमच्या गावची नर्सबाई इतकी गावं सांभाळायची की तिची वाट पाहण्यापेक्षा पावसाची पाहिलेली बरी. दुसरं एक होतं, पेनासारखं. टोपण काढायचं, मांडीवर दाबायचं, कपड्यावरूनसुद्धा चालतं, पोरालाही जमतं. ते परदेशातून यायचं. त्याची किंमत ऐकून हुस्नाबी हसली होती. डॉक्टरांना वाटलं, बाईला समजलं नाही. समजलं होतं.

"आणि ते थंड जागी ठेवावं लागतं," डॉक्टर म्हणाले. "घरी कूलर आहे?"

त्या काळात आमच्याकडे वीज पाहुण्यासारखी यायची आणि पाहुण्यासारखीच, जेवणाच्या आधी, निघून जायची. हुस्नाबीनं घरी येऊन वाळू ओतली, मडकं पुरलं आणि रोज सकाळ-संध्याकाळ पाणी घालायला लागली. सुई अजून कुठल्या कुठं. ती मिळेल की नाही, कोण देणार, याचा पत्ता नाही.

"अहो, पण सुई आल्यावर पुरायचं ना मडकं," मी म्हणालो.

"नवं मडकं लागलीच थंड होते काय, मास्तर? त्याले मुरू द्या लागते. सुई आली अन् मडकं कोरं असलं मंग?"

मी घाटंजीच्या बाजारातून नवं मडकं आणून दिलं आणि त्याच्याबरोबर अर्जही लिहून दिला. ट्रान्सफॉर्मर जळो की बैल मरो, गावाचे अर्ज मीच लिहायचो. माझ्या अर्जाची भाषा इतकी नम्र असे की वाचणाऱ्याला आपण देव आहोत असं वाटावं आणि देवासारखंच त्यानं स्वस्थ बसावं.

मग आमच्या यवतमाळच्या वाऱ्या सुरू झाल्या. मी, हुस्नाबी आणि जेबा. गरिबांच्या मोठ्या आजारांना मदत करणारी सरकारची एक योजना होती. खिडकीतल्या बाबूंनी अर्ज वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"पेशंट कुठे आहे?"

"हे काय," हुस्नाबीनं जेबाला पुढं केलं. जेबा शेंगदाणे खात होती.

"ही तर ठणठणीत आहे."

"म्हून त आणली, साहेब. बिमार पडल्यावर आनाले टाइमच नाही भेटत."

"बाई, आधी ॲडमिट व्हावं लागतं. मग योजना लागते."

"अन् ॲडमिट व्हायच्या आंधी मेली त?"

बाबू माणूस वाईट नव्हता. त्यानं जेबाकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं. "मेली तर मग ही योजना नाही," तो हळूच म्हणाला.

"थे मालूम हाय. मेल्यावरची दुसरी असते," हुस्नाबी म्हणाली. त्या वर्षांत आमच्या जिल्ह्यात ही दुसरी योजना सगळ्यांना ठाऊक होती. खिडकीपुढच्या रांगेत कुणीच हसलं नाही.

पण हुस्नाबीची चिकाटी पिंजाऱ्याची. कापसाची गाठ हातानं सुटली नाही तर दातानं सोडवायची, पण कापायची नाही. ती जात राहिली. शिपाई तिला ओळखायला लागले. एकानं तर घरच्या उशा भरायला आणून दिल्या. शेवटी वरच्या एका अधिकारी बाईंनी जेबाला जवळ बोलावलं, मडक्याची गोष्ट तिच्याच तोंडून ऐकली आणि 'विशेष बाब' म्हणून सही केली. पावसाळा सरता सरता सुई आली. थर्माकोलच्या डब्यात, कापसात बसून, नवरीसारखी.

सारा गाव बघायला आला. शेजारचे भगवानराव, चांगले तीस एकरवाले, सुई हातात घेऊन म्हणाले, "एवढीशी? अन् याच्या किमतीत माह्या गाडीभर कापूस जाते?"

"जाते. अन् तुमच्या गाडीभर कापसानं कोनाचा श्वास परत येत नाही," हुस्नाबी म्हणाली. "ठेवा खाली."

तेव्हापासून त्या वाळूला पाणी घालणं हा गावाचा रिवाज झाला. हँडपंपावरून पाण्याचे गुंड डोक्यावर घेऊन येणाऱ्या बाया जाता जाता तांब्याभर पाणी तिथं ओतायच्या. देवाला घालावं तसं. जेबा दारात उभी राहून हुकूम सोडायची, "काकू, तिकून कोरडं हाय, तिकून."

आणि हुस्नाबी? ती रोज गादीवर दाभण दाबून सराव करायची. टोपण काढायचं, मूठ आवळायची, मांडीच्या बाहेरच्या अंगाला दाबायचं. एकदा तिनं सरावासाठी माझी मांडी मागितली. एवढी मोठी जागा गावात दुसरी नाही, असं तिचं म्हणणं होतं. मी शाळेचं काम काढून निघून आलो.

दिवाळीनंतर वेचणी ऐन भरात आली. भगवानरावांच्या वावरात तांड्यावरच्या बाया वेचत होत्या. धुऱ्यावरच्या झाडाचं मोहोळ उठलं आणि बसंतीबाईला माश्यांनी धरलं. तिचा नवरा देवसिंग तिला बैलबंडीत घालून निघाला, पण घाटंजीकडे नाही. त्यानं बंडी सरळ हुस्नाबीच्या दाराशी आणली. सगळ्या गावाला मडकं ठाऊक होतं.

शाळा समोरच, म्हणून मीही धावलो. बसंतीबाईचा चेहरा ओळखू येत नव्हता. आणि तो आवाज, ती शिट्टी. हुस्नाबीला ती शिट्टी ठाऊक होती. देवसिंग काही मागत नव्हता, नुसता हात जोडून उभा होता. हुस्नाबीनं एकदा शाळेकडे पाहिलं. जेबा खिडकीला गालफडं टेकवून बघत होती. मग हुस्नाबी वळली, पोतं ओढलं, मडक्यात हात घातला, टोपण काढलं आणि लुगड्यावरून दाबलं. सराव होताच.

बसंतीबाई वाचली.

इथं गोष्ट संपती तर मी ती मिटक्या मारत सांगितली असती. पण देवसिंगाला उपकार पोटात ठेवता येईना. त्यानं अख्ख्या गावात गूळ वाटला. तरी समाधान होईना, तेव्हा यवतमाळच्या एका पेपरवाल्याला गाठलं. बातमी आली, फोटो आला: हुस्नाबी, बसंतीबाई आणि मधे ते मडकं. पहिल्यांदा कचेरीलाही आनंद झाला. योजनेचा फायदा झाला म्हणून कुठल्याशा बैठकीत ती बातमी वाचलीसुद्धा. मग कुणीतरी विचारलं, लाभार्थी कोण होती?

चौकशीला एक साहेब आले. पडवीत बसले. कुठं बसायचं ते मी आधीच दाखवून ठेवलं होतं.

"सुई जेबाच्या नावावर मंजूर. टोचली बसंतीबाईला. हे कसं?"

"थे मरत होती."

"चुकून टोचली असं लिहू का?" साहेब सुचवत होते. भला माणूस.

"चुकून कशी टोचीन? मांडी पाहूनच टोचली."

"आपा, साहेब म्हणतात ते म्हणा," मी हळूच म्हणालो.

"मंग उद्या जेबाची मांडी बी चुकूनच शोधू काय?"

साहेबांनी काय लिहिलं कोण जाणे. दुसऱ्या सुईचा अर्ज चौकशी पूर्ण होईपर्यंत थांबला. थांबलाय, नाकारलेला नाही, असं आम्हाला दर खेपेला सांगत. हुस्नाबी मडक्याला पाणी घालत राहिली. बायाही घालत. बसंतीबाई तर तांड्यावरून खास यायची.

होळी झाली. लग्नसराई तोंडावर आली. पूर्वी लग्न म्हटलं की हुस्नाबीकडे नव्या गाद्यांची रांग लागायची. त्या वर्षांत घरोघरी कापूस पडून होता, भाव नव्हता, पण नवी गादी भरायची उमेद कुणाला नव्हती. जुन्याच गाद्या यायच्या, पिंजून नव्यासारख्या करायला. अशीच एक आली, दोरीनं बांधलेली, गोठ्याच्या आढ्यावर कित्येक दिवस पडलेली. भगवानरावांच्याच घरची. मुलीचं लग्न होतं.

जेबा शाळेतून आली. दप्तर टाकलं. टाके उसवायचं काम तिचंच, तिला ते आवडायचं. हुस्नाबी मागं चहा ठेवत होती. जेबानं दोरी सोडली, गादी उलगडली. घडीच्या आत गांधीलमाश्यांचं पोळं होतं.

त्या दिवशी घाटंजीचा बाजार. गावातली एकूणएक जीप बाजाराला गेलेली. भगवानरावांनी मोटारसायकल काढली, मधे जेबा, मागं हुस्नाबी. मी सायकलवर मागं निघालो. मला ते रस्त्यातच भेटले, निंबाखाली. मोटारसायकल उभी होती. भगवानराव रस्त्याच्या कडेला उकिडवे बसले होते, डोकं धरून. हुस्नाबी मांडीवर पोरीला घेऊन बसली होती आणि तिच्या केसातला कापूस वेचत होती. एकेक धागा. सगळा वेचून होईस्तोवर तिनं कुणाला हात लावू दिला नाही.

शिट्टी थांबली होती.

दुसऱ्या दिवशी बसंतीबाई आली. पडवीत, त्या वाळूशेजारी बसली. हुस्नाबीनं तिच्याकडे पाहिलं नाही. ती रोज यायची, रोज तशीच बसायची. मला वाटायचं, आता तरी जावं हिनं, तिला पाहून हुस्नाबीला काय होत असेल. एक दिवस हुस्नाबीच म्हणाली, "बाहेर कायले बसतं? आत ये." एवढंच. आत गेल्यावर हुस्नाबीनं तिच्या हातात एक उशी दिली, टाके घालायला.

ती गादी भगवानरावांनी परत नेली नाही. लग्नात नवरीला दुसरी दिली.

चौकशी पूर्ण झाली. हुस्नाबीचा काही दोष नाही, असा निर्वाळा आला. मी तो तिला वाचून दाखवला नाही.

पण स्वस्थही बसवेना. मग मी माझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा अर्ज लिहिला. तालुक्यातल्या प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक शाळेत अशी एक सुई ठेवावी, आजारी पडायच्या आधीच, आणि ज्याला लागेल त्याला टोचावी, नाव न विचारता. खाली पहिला अंगठा बसंतीबाईनं दिला, दुसरा देवसिंगानं, तिसरी सही भगवानरावांची, मग गावच्या गाव. सरतेशेवटी मी हुस्नाबीकडे गेलो. ती गादीला टाके घालत होती. सगळा अर्ज वाचून दाखवला. शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. ते मी थोडं थांबून, सावकाश वाचलं: या योजनेस आमची विद्यार्थिनी कुमारी जेबा हिचं नाव देण्यात यावं.

हुस्नाबीनं दातानं दोरा तोडला.

"नाव कायले पायजे, मास्तर? सुई मागा."