गार भिंतींचा शेजारी

कुणाच्याही घरी गेला की तो आधी भिंतीवर तळवा टेकायचा, ताप आलेल्या पोराचं कपाळ बघावं तसा. मग मान हलवून म्हणायचा, "तापेल शे." चहापाणी त्यानंतर. माझ्या नव्या बंगल्याच्या वास्तुशांतीला त्याने हेच केलं, तेही भर पंगतीत. बंगला मीच बांधला होता. भडगाव तालुक्यात सिमेंटची घरं बांधणं हाच माझा धंदा. तेव्हापासून तो माझ्या डोळ्यांत सलतो.

समोरच राहायचा. वायरमनचं काम सोडून त्याने गिरणाकाठच्या मातीच्या कच्च्या विटांचं घर बांधलं, वर जुन्या पद्धतीचं पांढऱ्या मातीचं धाबं, म्हणजे सपाट छत. मागे गोबरगॅस, धाब्यावर सोलरच्या प्लेटा. गाव हसलं, सगळ्यात मोठ्याने मी हसलो. मग उन्हाळा आला, गावाची वीज गेली आणि त्याचा पंखा फिरत राहिला.

तो फार साधा, नम्र वगैरे होता असं समजू नका. धुळ्याहून जीप भरून माणसं घर बघायला आली की इस्त्रीचा सदरा घालून दारात उभा. "बठ्ठं घरनं शे! वीज घरनी, गॅस घरना, गारवा घरना!" माणसं माना डोलवायची. समोरच्या बंगल्याकडे कोण बघतो?

तेही मी सोसलं असतं. पण आबा, माझे वडील, जेवण झालं की काठी टेकत त्याच्याकडे जाऊ लागले. मी त्यांच्या खोलीत एसी बसवला. थोडे दिवस गोधडी पांघरून बसले, मग पुन्हा समोर. "तठे झोप लागस," म्हणाले. बस्स. माझ्या एकाही बांधकामाला ज्यांनी कधी चांगलं म्हटलं नाही, ते माझे आबा त्याच्या भिंतीला पाठ लावून घोरायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

शेवटी मी इरेला पेटलो. त्याला न विचारता माझ्या स्लॅबवर ट्रॉलीभर पांढरी माती पसरवली. धाब्याला उतार काढावा लागतो, माती चोपून बसवावी लागते, हे लहानपणी पाहिलेलं; पण तेव्हा आठवतं कुणाला! पावसात माती वाहून पाइपात बसली, स्लॅबवर तळं झालं आणि पाणी थेट सोफ्यावर. तोच फावडं घेऊन वर चढला. चिखलात उभा राहून म्हणाला, "माले सांगानं ना, भाऊ!" हसला असता तर बरं झालं असतं. आम्ही खाली उतरलो तर आबा टॉवेल घेऊन उभे. तो त्यांनी त्याच्या हातात दिला. भिजलो मीही होतो.

पुढे सातपुड्याच्या पायथ्याशी एका पाड्यावर अशीच घरं बांधायला त्याला बोलावलं, आणि तो तिकडेच रमला. मी मनातल्या मनात पेढे वाटले. पण जाताना पठ्ठ्या घराची किल्ली आबांकडे देऊन गेला. आता आबा दिवसभर तिथेच असतात. दुपारचा डबा मी नेऊन देतो.

परवा गेलो तर आबा खाटेवर बसून फोनवर बोलत होते. पाड्यावर रेंज धड नसते, म्हणून ओरडून. "जेवना का रे, पोऱ्या?"

मी दारात उभा. सकाळपासून साइटवर होतो, पोटात काही नव्हतं. आबांनी माझ्याकडे पाहिलं आणि हातानेच खूण केली, डबा तिथे ठेव.

मी ठेवला.