वाकडा बाणा

तुमच्या अंगावरचं कापड कुणी विणलं, ते तुम्हाला माहीत आहे का? कंपनीचं नाव नको. मी माणसाचं नाव विचारते आहे.

माझे बाबा भिवंडीजवळच्या शेलार गावात लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवतात. शिफ्टवरून येताना ते कामगारांची पत्रकं आणायचे, मी त्यांवरच वाचायला शिकले. 'मागणी' हा शब्द मला 'मांजर'च्या आधी लिहिता यायचा. तेव्हापासून एक गोष्ट सलत होती. बाबांनी आयुष्यभर कापड विणलं, पण त्यातली एक वीतसुद्धा त्यांच्या अंगावर आली नाही. लूमवरून उतरलेलं कोरं कापड शेठ रंगवायला डाईंगला पाठवतो, आणि पुढे ते कुठे जातं हे विणणाऱ्याला कळत नाही.

यंदा ते सापडलं. भिवंडीच्या बाजारात एका निळ्या ताग्याची किनार बाबांनी दोन बोटांत धरली नि म्हणाले, "ह्यो माझ्या लूमचा हाय." किनारीतल्या एका जाड धाग्यावरून त्यांनी ते ओळखलं. तागा संपत आला होता, जेमतेम एका शर्टाचं कापड निघालं. दुकानदाराने ते कात्रीने सर्रकन कापून दिलं.

रविवारी अंबाडीला मावसबहिणीची हळद होती. त्या दिवशी बाबा हा शर्ट घालणार आणि तो मी कापणार, असं मी घरात जाहीर केलं. चुकलं असतं तर दुसरं कापड मिळणार नव्हतं.

मी पट्टी टेकवली, खडू उचलला.

"थांब," आई म्हणाली. गल्लीतले निम्मे ब्लाउज तीच शिवते. "कापडाला इचारलंस?"

"काय विचारायचं? कडेला धरून रेघ मारते."

"ती कड दुकानदाराची हाय. कापडाची न्हाय."

तिने किनारीला बारीक छेद दिला, सुईने एक आडवा धागा उचलला आणि हलके हलके ओढू लागली. धागा निघाला तिथे कापडात केसाएवढी फट उमटत गेली. दुकानदाराची कड त्या फटीपासून एका टोकाला चार बोटं लांब होती, दुसऱ्या टोकाला तिला चिकटलेली.

मध्येच धागा तुटला. बाबा शेजारी चहा पीत बसले होते. त्यांनी कप ठेवला, तुटलेली दोन्ही टोकं चिमटीत धरली आणि आम्हाला कळायच्या आत गाठ मारून मोकळे झाले.

आई बघतच राहिली. "अवो, जोडताय काय? काढायचाय तो."

बाबांनी स्वतःच्या बोटांकडे पाहिलं. "तुटला का हात जातोच."

"हात आवरा. ही ड्युटी माझी हाय."

हसून हसून माझ्या हातातला खडू पडला. आईने गाठ कापली, धागा पुन्हा उचलला, पार पलीकडच्या किनारीपर्यंत नेला. त्या फटीवरून मी कात्री चालवली. पण दुमडून किनार किनारीला लावली, तर कोपरे जुळेनात.

"बाणाच वाकडा हाय," आडव्या धाग्यांवरून बोट फिरवत आई म्हणाली.

बाबा ताठ झाले. "माझ्या लूमवर वाकडं निघत न्हाय. डाईंगवाल्यांनी ओढलंय."

"मग आपण कोपरे जुळवायचेच नाहीत," मी म्हणाले. "जाब विचारू त्यांना."

"तुझा बाणा सरळ हाय गं बाई," आई म्हणाली. "आधी कापडाचा करू."

आईने कापडावर पाणी शिंपडलं. आखूड पडलेला एक कोपरा तिने धरला, त्याच्या तिरक्या समोरचा बाबांनी. दोघं ओढू लागले. बाबा एवढ्या जोरात ओढत की आई दोन पावलं पुढे यायची, मग ती पाय रोवायची नि बाबा ओट्यावर आपटायचे. "कापड वढा, मला नको," ती म्हणाली. शेजारीण दारातून म्हणाली, "भांडण हाय का खेळ?" दोघं ओढतच राहिले.

चौथ्या वेळी कोपऱ्यावर कोपरा बसला. कापड वाळल्यावर मी उभ्या धाग्याला धरून रेघ मारली आणि न घाबरता कापलं.

हळदीत बाबांनी तो शर्ट घातला. मांडवात प्रत्येकाला जवळ बोलावून बाही चाचपायला लावली. "मी इणलंय," एवढंच सांगत होते. मावशीने पाठीवर हळदीचा पंजा उमटवला, तरी चिडले नाहीत. "लाव," म्हणाले, "माझंच हाय."

लूम चालवणारा कुणी तुमच्या ओळखीत असेल, तर त्याने विणलेलं कापड शोधा, आडवा धागा ओढून सरळ करा आणि त्याच्या मापाचं काहीतरी शिवून त्याला द्या.