पुकारेकाकांची चूक

नगरसभेच्या दारात उभं राहून अध्यक्ष आल्याची हाळी द्यायची, हे पुकारेकाकांचं काम. सगळं गाव त्यांना याच नावाने ओळखायचं. आवाज असा खणखणीत, की बाकावर पेंगणारे सभासद खडबडून जागे होत. ‘लोकांनी निवडून दिलेले अध्यक्ष येत आहेत’ असं त्यांनी म्हटलं की सभागृह उठून उभं राही. काकू थट्टेने म्हणायच्या, यांनी घरात पाणी मागितलं तरी आख्खी गल्ली उठून उभी राहते.

त्या वर्षी फौजेने निवडणुकीची मतमोजणी अर्ध्यातच थांबवली. अध्यक्षबाईंना सकाळी घरातून उचलून गाडीत घालून नेलं आणि दुपारी त्यांच्या खुर्चीत बसायला फौजेतले एक साहेब आले. जिन्यावर बूट वाजले, दार उघडलं आणि काकांच्या तोंडून सवयीने तीच हाळी गेली.

 मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. साहेब थबकले, काकांकडे नीट पाहिलं आणि आत गेले.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं, की पुकारेकाकांनी साहेबांना तोंडावर सुनावलं. न्हाव्याने वस्तरा खाली ठेवून आधी त्यांना नमस्कार केला. काका काय सांगणार? जीभ घसरली होती, एवढंच. फुकटचा मोठेपणा अंगावर घेववेना आणि खरं बोलायचा धीर होईना. काकूंना वेगळाच घोर. नोकरी गेली तर नगरसभेच्या आवारातली राहती खोली जाणार. अंथरुणाला खिळलेल्या सासूबाईंना घेऊन जायचं कुठे? काकू देवापुढे बसून राहिल्या.

दुसऱ्या दिवशी साहेबांचं बोलावणं आलं. काकांनी हात जोडून सांगितलं, चुकून बोललो.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी चहा मागवला.

“चूक कसली? ऐकायला बरं वाटलं. रोज हेच म्हणा. जरा मोठ्याने.”

खोली राहिली. काका रोज तेच शब्द पुकारत, फक्त आता कुणाकडे न बघता, छताकडे बघून. न्हावी दाढी करी, बोलत नसे. भाजीवाली एकदा काकूंना म्हणाली, “वहिनी, माझं मत पेटीतच राहिलं हो. तुमचे हे रोज कुणाचं मत पुकारतात?” काकू पिशवी उचलून निघून आल्या. घरी त्यांनी हे सांगितलं नाही, पण काकांना कुणी सांगायची गरजही नव्हती.

पुढे सासूबाईंनी आपल्याच खाटेवर डोळे मिटले. चार नातलग जमले. आईसाठी प्रार्थना मुलाने म्हणायची, म्हणून सगळे काकांकडे बघत राहिले. काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

“तू म्हण,” ते काकूंना म्हणाले. “देवापुढे हा आवाज नको.”

काकूंनी हात जोडून सुरुवात केली. मधेच त्यांनी वळून पाहिलं. काकांचे ओठ हलत होते, शब्दही बरोबर होते. आवाज तेवढा येत नव्हता.