मा. ब.

कुकटपल्लीच्या इंडस्ट्रियल इस्टेटमागच्या गल्लीत उमाजी बिरादारांचे दुकान आहे. दुकानावर ‘गदाधर ड्रिल मशीन – अधिकृत सेवा केंद्र’ असा पत्र्याचा बोर्ड होता. त्यातल्या ‘अधिकृत’ या शब्दाचा उमाजींना इतका अभिमान, की थोरल्या मुलीच्या लग्नपत्रिकेत स्वतःच्या नावाखाली त्यांनी तो छापून घेतला. व्याह्यांना वाटले, माणूस सरकारी खात्यात असावा. उमाजींनी लग्न लागेपर्यंत तो गैरसमज दूर केला नाही.

बिरादार मूळचे देगलूरकडचे, पण तीन पिढ्या हैदराबादेत गेलेल्या. गिऱ्हाइकांशी दखनी, शेजाऱ्यांशी तेलुगू आणि मशीनशी मराठी, अशी उमाजींची वाटणी होती. तरुणपणी ते गदाधरच्या पुण्याच्या कारखान्यात तीन महिने शिकायला गेले होते. तिथल्या फोरमनने त्यांना एकच गोष्ट पक्की शिकवली. मशीन उघडली की आधी बिघाडाचे कारण शोधायचे आणि ते कागदावर लिहायचे, मग पान्याला हात लावायचा. उमाजींनी हे व्रतासारखे पाळले. त्यांच्या रजिस्टरात ‘कारण’ नावाचा रुंद रकाना असे आणि त्यात ‘ब्रश झिजले’, ‘पाणी गेले’, ‘मेव्हण्याने चालवली’ अशा खऱ्याखुऱ्या नोंदी असत.

मग गदाधर कंपनी कुठल्याशा परदेशी कंपनीने विकत घेतली. नाव तेच राहिले, निळा रंग तोच राहिला, स्टिकरवरची गदासुद्धा तशीच राहिली. आत मात्र पोलादी गिअरच्या जागी नायलॉनचा गिअर आला. उमाजींनी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा त्यांना वाटले, गिऱ्हाइकाच्या पोराने खेळण्याचे चाक आत कोंबले असावे. पोर रडेल म्हणून त्यांनी ते पुडीत बांधून वेगळे ठेवले. पुढच्या आठवड्यात तसली आणखी सहा मशिनी आल्या आणि सहाही घरांत एकाच मापाचे खेळणे असणे उमाजींना पटेना.

त्यांनी गिअरचे उरलेसुरले दात बोटाने चाचपले, बराच वेळ विचार केला आणि कारणाच्या रकान्यात लिहिले, ‘मालक बदलला’. भंगारात पडलेल्या जुन्या मशिनींतले पोलादी गिअर काढून ते नव्यांत बसवू लागले. पण अशा मशिनी इतक्या येऊ लागल्या, की दरवेळी सगळे लिहिण्याचा कंटाळा येऊन त्यांनी ‘मा. ब.’ असे थोडक्यात उरकायला सुरुवात केली.

पुढे कंपनीचा हुकूम आला, की नोंदी कॉम्प्युटरवर भरा. हे काम धाकट्या मुलीने, त्रिवेणीने घेतले. त्रिवेणी इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी फडाफडा बोलायची, पण वाचताना ठेचकाळायची. तिने ‘मा. ब.’ हे ‘मो. ब.’ वाचले, त्याचा अर्थ स्वतःच ‘मोटर बदलली’ असा लावला आणि दर शनिवारी इमानेइतबारे तसे भरत राहिली. एका मात्रेचा फरक. दोन वर्षे कोणाच्या लक्षात आला नाही.

मग कंपनीचे पत्र आले. या केंद्राने तीनशे बारा मोटरी बदलल्या आणि कंपनीकडून मागवल्या फक्त नऊ, तेव्हा बाकीच्या बनावट असल्याचा संशय आहे. तपासणीला माणूस येईल. खुलासा पटला नाही तर मान्यता रद्द होईल.

‘बनावट’ हा शब्द उमाजींना फार लागला. तीस वर्षांत त्यांनी बाहेरचा एक स्क्रूसुद्धा गदाधरमध्ये लावला नव्हता. दोन दिवस त्यांना जेवण गेले नाही.

पुण्याहून चिन्मय नावाचा तिशीतला तरुण आला. सोबत नव्या बॅटरीच्या ड्रिलचा नमुनाही घेऊन आला. त्याने रजिस्टर उघडले, पाने उलटत मागे मागे गेला आणि पहिल्या पूर्ण नोंदीपाशी थांबला.

“काका, हे ‘मालक बदलला’ म्हणजे?”

“कारण साहेब. मशीन का बिघडली त्याचं. मी तर साफ लिहिलो.”

त्रिवेणीचा चेहरा उतरला. “सॉरी नाना, मला ते ‘मो’ वाटलं.”

“तुझी काय चूक नाही गं. मीच आळस केलो. शिवी द्यायची तर पूर्ण द्यावं.”

चिन्मय हसला नाही, पण त्याने चष्मा काढून उगाच पुसला. “काका, चोरी नाही हे मला कळलं. पण आमच्या यादीत हे कारणच नाही. गिअर गेला तर ‘ग्राहकाचा गैरवापर’ टाकायचं असतं. या सगळ्या नोंदी तशा करा, खाली सही द्या. बोर्ड राहील.”

उमाजींनी बोर्डाकडे पाहिले. त्यांना तो हवा होता, फार हवा होता.

“नक्को साहेब,” ते म्हणाले. “लोकांनी भिंतीलाच भोकं पाडली. त्यात गैर काय? बोर्ड घेऊन जावा.”

त्यांनी स्टूल आणले आणि बोर्ड काढायला चिन्मयचेच नवे ड्रिल मागून घेतले. कंपनीचा बोर्ड कंपनीच्या मशीनने उतरावा, एवढीच त्यांची इच्छा. तीन स्क्रू निघाले. चौथा गंजलेला होता. मशीन कुरकुरली, आत काहीतरी कटकन तुटले आणि मोटर नुसतीच गरगरू लागली.

उमाजी खाली उतरले. सवयीने त्यांनी मशीन टेबलावर ठेवून उघडली, नायलॉनचे दात तळहातावर घेतले आणि रजिस्टर त्रिवेणीपुढे सरकवले. “लिही. ग्राहक, चिन्मय साहेब. मशीन, गदाधर, नवी.”

“कारण?” त्रिवेणीने विचारले.

उमाजींनी तळहातावरचे दात तिच्यापुढे टेबलावर ठेवले. त्रिवेणीने एकदा चिन्मयकडे पाहिले. मग मान खाली घालून, एकेक अक्षर जुळवत, तिने पूर्ण लिहिले, ‘मालक बदलला’. एक ‘ल’ जरा वाकडा आला, पण वाचता येत होता.

तिने रजिस्टर चिन्मयकडे फिरवले. ‘ग्राहकाची सही’ असे छापलेल्या जागी त्याने सही केली.

उमाजींनी ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर घेतला, पुन्हा स्टुलावर चढले आणि चौथा स्क्रू हाताने काढला.