न बोललेल्याची माफी

रमजानचा चाँद दिसायच्या आत मन धुऊन घ्यावं, असं माझ्या सासूबाई म्हणतात. घर धुणं त्यामानानं सोपं. रमजानच्या आधीचा शाबानचा महिना लागला की इस्लामपुरातल्या आमच्या गल्लीत रजया गच्चीवर जातात, डबे घासून पालथे पडतात. मनाचं अवघड. आणि गेल्या वर्षी तर माझ्या मनाला धाकटी जाऊच चिकटून बसली होती.

ती सांगलीची, नुकती लग्न होऊन आलेली. आवाज असा, की ती कुराण वाचायला बसली की शेजारणी हातातलं काम टाकून आमच्या दारात येऊन बसायच्या. मी मेढ्याकडची, मराठी शाळेतली. अरबी वाचायला शिकले ती लग्नानंतर, तेही सासूबाईंकडूनच. ओळीखाली बोट धरल्याशिवाय मला अजूनही पुढे सरकता येत नाही. पण सासूबाईंची नजर अधू झाल्यापासून रमजानात दुपारी त्यांच्या कॉटशेजारी बसून रोज एक पारा, म्हणजे कुराणाचा तिसावा भाग, वाचायचा मान माझा होता. मोठ्या कुटुंबात माझं एकटीचं असं तेवढंच होतं.

शाबान लागला आणि त्यांनी सहज म्हणून धाकटीला वाचायला बसवलं. मग ते रोजचंच झालं. मी आत लसूण सोलत ऐकायचे आणि माझा नुसता तिळपापड व्हायचा.

बरं, नाव तरी कशाला ठेवावं? महिन्याच्या अडचणीत बायकांचे जे रोजे राहतात, ते पुढचा रमजान यायच्या आत भरून काढायचे असतात. तिनं ते थंडीतल्या लहान दिवसांत कधीच उरकले होते. माझे शाबान सरत आला तरी चालूच. उपाशी पोटी हेवा जास्त चढतो, हे मला तेव्हा कळलं.

शाबानच्या मध्यावर येणाऱ्या शबे-बरातच्या आधी आमच्यात एकमेकांची माफी मागतात. त्या रात्री अल्ला सगळ्यांना माफ करतो, पण मनात अढी ठेवणाऱ्याला नाही, असं लहानपणापासून ऐकलेलं. मी ठरवलं होतं, आपण थोरली, तेव्हा आपणच आधी जायचं. सकाळी चहा ठेवला आणि पाठीमागं ही उभी.

"भाभी, बोल्याचाल्याचं माफ करा हां."

"केलं गं. मला पण कर," मी म्हटलं. निव्वळ तोंडदेखलं. आधी येण्याचा मानही हिनंच नेला, म्हणून उलट चीड आली. आणि खरी गोची तर वेगळीच होती. ही माफी बोलल्याचालल्याची. मी तिला कधी वावगा शब्द बोललेच नव्हते. माझ्याकडे जे होतं ते सगळं पोटातलं, आणि पोटातलं या माफीत बसत नव्हतं.

चाँद दिसायची शक्यता होती त्या दिवशी दुपारी सासूबाईंनी आम्हा दोघींना कॉटपाशी बोलावलं. मला वाटलं, झालं, आता आपलं वाचन रीतसर जाणार. त्या धाकटीला म्हणाल्या, "तुझा आवाज लय ग्वाड हाय. पर त्यात माझा डोळा लागतो. ही वाचताना चुकती, मग मला पाठचं म्हणून दावाय लागतंय, तवा माझं बी वाचन हुतंय. रमजानात हीच वाचंल."

हे कौतुक होतं की आणखी काही, अल्ला जाणे. पण मान राहिला. मी चोरून धाकटीच्या तोंडाकडे बघितलं. जरा तरी पडू दे की ते! ती खळखळून हसली. "खरंय अम्मा, तुमी घोरताय बी," म्हणाली, आणि कुराण ठेवायची लाकडी रेहल पदरानं पुसून माझ्यासमोर आणून ठेवली.

मिळायचं ते मिळालं तरी मी जळतच राहिले. आता कशावर, तर हिला जळता येत नाही यावर. संध्याकाळपर्यंत माझी मलाच भीती वाटायला लागली. असल्या मनानं महिना सुरू झाला, तर माझे रोजे म्हणजे फक्त उपासमार.

सूर्य बुडाला तशी सगळी गल्ली गच्च्यांवर चढली. कारखान्याच्या धुरात चाँद शोधत धाकटी माझ्या शेजारीच उभी होती. मी एकदाचं बोलून टाकलं.

"ऐक. मी तुझ्यावर जळते. तू आलीस तवापासनं. तुझ्या आवाजावर, तुझ्या रोज्यांवर, सगळ्यावरच. न बोललेलं बी माफ कर."

तिनं आभाळावरची नजर काढलीसुद्धा नाही. "आवं भाभी, ते मला कवाच कळलं हुतं. शबे-बरातलाच माफ करून टाकलं की मी."

म्हणजे इथंही ही माझ्या आधी! तेवढ्यात मशिदीच्या भोंग्यावरून चाँद दिसल्याचं सांगितलं आणि जो तो मुबारक म्हणत गळ्यात पडायला लागला. धाकटीनं मला मिठी मारली, मीही तिला घट्ट धरलं, आणि माझा रमजान जळत जळतच सुरू झाला.