कानसेनची जोडणी

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो स्क्रूड्रायव्हरने गिटारवर हलक्या टिचक्या मारत, स्पीकरला कान लावून बसला होता. मी टेबललॅम्प दुरुस्तीला घेऊन गेले होते.

"बाई, इथे फक्त गिटारी," मान वर न करता तो म्हणाला. "आणि जरा हळू बोला, एक कॉइल झोपलीय."

गल्लीत सगळे त्याला कानसेन म्हणत. शेजार असल्याने पुढे त्याचं काम मला थोडंफार समजलं. तारांखालच्या, त्यांचा आवाज टिपणाऱ्या पिकअपमध्ये दोन कॉइल, म्हणजे तारेची वेटोळी, असतात. एकीचं शेपूट दुसरीच्या डोक्याला जोडलं की ती सिरीज. आवाज जाड, दमदार. दोघींची डोकी एकत्र, शेपटं एकत्र, ती पॅरलल. आवाज थोडा बारीक, पण लख्ख. नको असलेली घुरघुर दोन्हींत दबते. कोणत्या गिटारला काय शोभेल ते कानसेन स्वतः ऐकून ठरवायचा. गिऱ्हाइकाला कधी विचारायचा नाही.

"डॉक्टर पेशंटला विचारून औषध देतो का?" असं वर ऐकवायचा.

एकदा मी दुकानात असताना हॉटेलात वाजवणारा एक वादक तणतणत आला. "काका, ही गिटार आहे की डास? ड्रम सुरू झाला की माझं मलाच ऐकू येत नाही!"

"इतका स्वच्छ आवाज आहे! सिरीज केली तर वर गोधडी टाकल्यासारखं होईल."

"टाका हो गोधडी! मला गारठा सोसत नाही."

कानसेनने तिथल्या तिथे कॉइलची जोडणी बदलून सिरीज केली. वादकाने एकच झंकार काढला आणि तो खुलला. "हां, हे! तुमच्याकडून जाणारी प्रत्येक गिटार हल्ली अशी किरकिरी का असते, काका?"

कानसेनचा चेहरा उतरला. त्याला तो झंकार दाराआडून आल्यासारखा वाटला होता.

आतून त्याची बायको म्हणाली, "दारावरची बेल वाजली तरी हे ढिम्म. मला वाटायचं, आळशीपणा." ती हसली. आम्ही कोणी हसलो नाही.

कानाच्या डॉक्टरांकडे मीही सोबत गेले. वरचे, बारीक सूर गेले होते. यंत्राने बोलणं ऐकू येईल, गेलेलं परत येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे स्वतःच्या कानांत जे कमी पडत होतं, ते तो लोकांच्या गिटारींत भरत बसला होता.

"मीटर आहे ना तुमच्याकडे?" दुकानात परतल्यावर मी विचारलं.

"मीटर जोड सांगतो, बाई. आवाज नाही सांगत."

त्याने बायकोला समोर बसवलं. एका गिटारला सिरीज-पॅरलल बदलणारं बटण जोडून ते खाली-वर केलं. "आधीचा की हा?"

"दोन्ही छानच आहेत हो."

त्याने माझ्याकडे पाहिलं. शाळेत शिकवताना मागच्या बाकावरची कुजबुज मला आयुष्यभर ऐकू आली. जाड कुठला, बारीक कुठला, हे मी लगेच सांगितलं.

"ते झालं. पण या गिटारला कुठला?"

मला सांगता येईना. त्याने पुन्हा बटण दाबलं, पुन्हा पाहिलं. मी मान खाली घातली. त्याने तारा जोडायचं सोल्डरिंग आयर्न स्टँडवर ठेवलं आणि त्याचा प्लग काढला.

दुकानावर पाटी अजून गिटारचीच आहे. आत तो पंखे आणि टेबललॅम्प दुरुस्त करतो.