गणितात काठावरची पोरं

दहावीचा निकाल दुपारी लागणार होता, आणि मी हैदराबादेत बेकरीच्या भट्टीपाशी सकाळपासूनच बिस्किटं करपवत होतो. मालक म्हणाला, "आज तेरी परीक्षा है क्या?" माझी नव्हती. धाकट्या बहिणीची होती.

ती आमच्या वणी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या हायस्कुलात. वर्गात गावातल्या कापूसवाल्यांची पोरं, बौद्ध वस्तीतली, तांड्यावरची बंजारा आणि पोडावरची, म्हणजे त्यांच्या पाड्यावरची, कोलामांची. घरची बोली ज्याची त्याची, पेपर मात्र सगळ्यांना एकाच मराठीत. गणितात अर्धा वर्ग काठावर, आणि त्यात आमची बहीण.

दिवाळीला गावी गेलो तेव्हा शाळेत पालकांची मीटिंग होती. समितीतले एक काका उठले. "म्याडम, मांगच्या साली आपला निकाल पडला. चार-पाच पोरं कच्ची हायेत. त्याईले सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. शाळेचं नाव तरी राह्यते."

 नववीनंतर मलाही हेच सुचवलं होतं, आधीच्या हेडमास्तरांच्या काळात. तो फॉर्म मी कधी भरलाच नाही, कामाला लागलो. आता बहिणीचंही तेच, असं वाटून मी खाली बघत राहिलो.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "काका, शंभर टक्के आणून काय करू, भिंतीले लावू? पोरं माही हायेत. पडली तरी माह्याच नावावर पडतीन."

"मंग पुढच्या साली इथं पोरं टाकते कोण?"

"तुमच्या नातवापासून सुरुवात करू."

लोक हसले. काकाही हसले. मला मात्र हसू यायला वेळ लागला.

मुख्याध्यापिका बाई गणितही शिकवायच्या, आणि त्यांची एक रीत होती. एका बाकावर एक गावातलं, एक तांड्यावरचं, एक पोडावरचं. गणित ज्याला आधी सुटलं त्यानं हात वर करायचा नाही. शेजारच्या दोघांना आपल्या बोलीत, खाणाखुणांनी, जमेल तसं समजवायचं. मग बाई त्या दोघांतल्या एकाला फळ्यापाशी बोलावणार. बहिणीच्या बाकावरच्या कोलाम मुलीचे वडील बांबूच्या टोपल्या विणतात. त्या मुलीनं बांबूच्या कमट्या बांधून चौकोन केला, त्रिकोण केला. चौकोन दाबला की कलतो, त्रिकोण हलत नाही.

"दादा, मले भूमिती आता हातात दिसते," बहीण फोनवर म्हणाली.

"पेपरात कमट्या नेऊ देत नाहीत," मी म्हणालो. मला काळजीशिवाय दुसरं सुचत नाही.

"मालूम हाय मले."

निकालाची वेळ टळून गेली. माझ्या फोनवर साइट उघडेना. शेवटी तिचाच फोन आला. "दादा, पास झाली. गणितात काठावरच, पण झाली."

भट्टीकडे पाठ करून मी डोळे पुसले. "आन् बाकीचे?"

"दोघं राह्यले. म्याडमनं उद्या शाळेत बोलावलं मले."

"काहून? काय झालं?"

"कायले घाबरतं? त्या दोघाईले जुलैत पुन्हा बसाचं हाय. म्याडम म्हणे, भूमिती तूच शिकव. तुले समजाले किती येळ लागला, ते तुले आठवते."

 मी म्हणालो, "कमट्या नेजो."

"माह्या बाकावरच्या पोरीनं बांधून बी ठेवल्या," बहीण म्हणाली.